दोन चाकू आणि एक खिसा

माणसाच्या खिशात काय काय असावे याविषयी आमच्या घरात गेली चाळीस वर्षे मतभेद आहेत. पाकीट असावे, रुमाल असावा, किल्ल्या असाव्यात आणि आताच्या दिवसांत मोबाईलही असावा, इथपर्यंत आमच्या सौभाग्यवतीचे आणि माझे एकमत होते. गाडी अडते ती चाकूपाशी. "सभ्य माणसाच्या खिशात चाकू कशाला लागतो?" हा तिचा प्रश्न, आणि "चाकू नसेल तर सभ्य माणसाने पेरू खायचा कसा?" हे माझे उत्तर. गंमत अशी की, पार्सलची सुतळी, औषधाच्या बाटलीचे घट्ट बूच, उदबत्तीच्या पुड्यावरचा चिवट कागद असे काही समोर आले की, "जरा तुमचा तो चाकू द्या हो" असे म्हणणारी व्यक्तीही तीच!

गैरसमज नको. रामपूरच्या चाकूने हिंदी चित्रपटांतल्या खलनायकांच्या हाती जाऊन साऱ्या चाकूजातीची जी बदनामी केली, त्या कुळातला माझा चाकू नव्हे. माझ्या चाकूचे पाते पुरते तीन इंचही नाही, आणि ते उघडायला खाचेत नख अडकवून ओढावे लागते. तेवढ्या वेळात कोणताही शत्रू निवांत घरी जाऊन जेवून येईल. शस्त्रांविषयीच्या सरकारी नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा. पेरू कापणाऱ्यांवर सरकारची एवढी वक्र दृष्टी नाही.

हा चाकू आमच्या आप्पांचा. आप्पा औरंगाबादेत चित्रकलेचे शिक्षक होते. पेन्सिलीला यंत्रात घालून गरगर फिरवणे त्यांना मुळीच मान्य नसे. "पेन्सिल सोलायची नसते, घडवायची असते," असे ते म्हणत आणि अंगठ्याच्या नेमक्या दाबाने असे काही लांबसडक टोक काढत की, ती पेन्सिल वापरायला जीव होत नसे. चाकू अगदी साधा. एक पाते, त्याला उघड्या आणि मिटल्या अशा दोन्ही जागी धरून ठेवणारी पाठीची पोलादी कमान, दोन्ही अंगांना शिंगाच्या पट्ट्या आणि टोकांना पितळेची टोपणे. १९७१ साली मी कॉलेजसाठी मुंबईला निघालो तेव्हा आप्पांनी तो मला दिला आणि तेव्हापासून तो माझ्या डाव्या खिशात राहत आला आहे.

आप्पा त्याला 'औरंगाबादचा चाकू' म्हणत. त्या दोन शब्दांवर मी पुढे एक अख्खी बखर रचली. मोगलांच्या फौजेच्या तलवारी पाजवणारे शिकलगार त्या शहरात होते. त्यांच्याच कुणा वंशजाने मोडक्या तलवारीच्या पोलादातून हा चाकू घडवला, असे मी माझ्या मुलाला लहानपणी सांगितले. सांगता सांगता माझाही त्यावर विश्वास बसला. पदरचे सांगायचे ठरवले म्हणजे माणूस कंजूषपणा करीत नाही.

सारे सुरळीत चालले होते. पण मला सत्तरावे लागले, आणि जर्मनीत असणाऱ्या आमच्या चिरंजीवांनी स्वित्झर्लंडच्या सहलीवरून एक तांबडाभडक चाकू पाठवला. अहो, चाकू कसला, ते तर एकत्र कुटुंब! मोठे पाते, धाकटे पाते, डबा फोडण्याचे हत्यार, बाटली उघडण्याचे हत्यार, पेचकस, कात्री, टोच्या, दात कोरण्याची काडी, काटा काढण्याचा चिमटा, आणि या सर्वांत ऐटबाज असा बूच काढण्याचा मळसूत्री स्क्रू. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८८४ साली स्वित्झर्लंडातल्या ईबाख गावी आपला कारखाना काढला. १८९१ साली तिथल्या सैनिकांना पहिले चाकू पुरवले आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी अधिक हलका, अधिक हत्यारांचा चाकू काढला. बुचाचा स्क्रू आला तो या अधिकाऱ्यांच्या चाकूत. साध्या शिपायाच्या चाकूला तो नव्हता. शिपाई आणि साहेब यांतला फरक सांगायला एवढा एक स्क्रू पुरे!

आता पंचाईत झाली. दोन्ही चाकू खिशात ठेवले तर चालताना घुंगरांसारखा आवाज येई आणि चार महिन्यांत दोन विजारींचे खिसे फाटले. त्यात एके दिवशी मी जुन्या चाकूचे टोक डब्याच्या झाकणाखाली खुपसून ते उचकटत होतो. पाठीची कमान सैल झालेली. पाते अचानक मिटले ते थेट माझ्या तर्जनीवर. दोन टाके पडले. सौभाग्यवतीने बोटाला फडके गुंडाळता गुंडाळता निकाल दिला, "एक खिसा, एक चाकू. म्हाताऱ्याला आता कपाटात बसू द्या."

तिचे म्हणणे चूक नव्हते. पण आप्पांच्या वस्तूला कपाटात बसवायचे म्हणजे आप्पांनाच कोपऱ्यात बसवल्यासारखे वाटे. उलट, जुना खिशात ठेवावा तर फोनवर मुलगा विचारी, "बाबा, तो लाल चाकू वापरता ना?" मी "हो, हो" म्हणत असे आणि ते खोटे असे. एका खिशाच्या दोन्ही बाजूंना बाप आणि लेक ओढत आहेत, अशी माझी अवस्था झाली होती.

तेवढ्यात गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या अक्काचा फोन आला. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर चार गावे फिरून ती पुन्हा माहेरच्याच शहरात, औरंगपुऱ्यात स्थायिक झाली. म्हणाली, "भाऊबीजेला ये रे या वर्षी. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही." मी मनात म्हटले, चला, हे बरे झाले. ज्या गावचा चाकू त्याच गावी तो दुरुस्त करून घेऊ आणि दोघांची परीक्षाही तिथेच घेऊ. विमानात चाकू जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून सकाळची आगगाडी धरली.

आमच्या लहानपणी मनमाडला गाडी बदलावी लागे. तिथून पुढे निजामाच्या मुलखातली अरुंद रुळांची लाईन. १९०० साली सुरू झालेली. त्या छोट्या डब्यांतून आप्पा खिडकीशी बसून आम्हाला पेरू कापून देत. आता रूळ रुंद झाले, गाडी बदलण्याची यातायात गेली; मात्र मनमाडला पेरूवाला अजून चढतो. मी दोन पेरू घेतले आणि एकेका चाकूने एकेक कापला. जुन्याचे पाते पाजवून पाजवून पिंपळपानासारखे पातळ झालेले. ते पेरूतून असे गेले की, पेरूला पत्ता लागला नसेल. मात्र साध्या पोलादाचे पाते फळाच्या आंबटपणाने काळवंडते आणि पहिल्या फोडीला लोखंडाची किंचित चव देते. नव्याचे पाते न गंजणाऱ्या पोलादाचे. फोड थोडी जाड निघाली, पण चव निखळ पेरूची. समोरच्या बाकावरचा एक चिमुरडा टक लावून पाहत होता. त्याने बुचाच्या स्क्रूकडे बोट दाखवून विचारले, "आजोबा, हे कशाला?" त्याच्या आईवडिलांसमोर मी काय उत्तर द्यावे? म्हटले, "गाठी सोडवायला." पहिल्या सामन्यात बरोबरी.

डावीकडे दौलताबादचा किल्ला दिसू लागला की आमच्या घरी आवराआवर सुरू होई. तो अजून तसाच आहे, कडा तासलेल्या उंच डोंगरावर निवांत बसलेला. शहर मात्र ओळखू येऊ नये एवढे पसरले आहे. १६१० साली मलिक अंबरने वसवले तेव्हा ते खडकी होते; त्याच्या मुलाने फतेहनगर केले, १६५३ साली औरंगजेब सुभेदार होऊन आला तेव्हा औरंगाबाद झाले आणि २०२३ साली सरकारदरबारी छत्रपती संभाजीनगर झाले. स्टेशनावर मला न्यायला आलेला भाचा बोलण्यात नवे नाव घेतो, अक्का जुने घेते आणि दोघे एकाच गॅसवरचा चहा पितात. मूठ बदलली तरी पाते तेच असते, असे मनाशी म्हणत मी घराच्या पायऱ्या चढलो.

दारातच दुसरा सामना उभा होता. आकाशकंदिलाच्या दोरीला गाठीवर गाठ बसली होती आणि भाच्याने दातांनी प्रयत्न करून तिचा पार गोळा केला होता. मी लाल चाकूचा तो ऐटबाज स्क्रू गाठीत फिरवून हलकेच ओढला. गाठ सुटली! रेल्वेतल्या पोराला मारलेली थाप खरी ठरली. मग त्याच चाकूने विजेच्या तारेचे टोक सोलले, बटणाचा पेच आवळला. एवढ्यात अक्का बाहेर आली. तिच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. "पेच पडलाय रे कुठेतरी. डबीत दुसरा ठेवलाय, पण बसवायला कोणाला वेळ आहे?" त्या लाल चाकूच्या स्क्रूच्या पोटात गव्हाच्या दाण्याएवढ्या तोंडाचा एक इवलासा पेचकस दडलेला असतो. दोन मिनिटांत काडी जागेवर बसली. अक्काने चष्मा लावला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाली, "बराच म्हातारा झालास की रे!" दुसरा सामना नव्या चाकूने एकतर्फी जिंकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुना चाकू घेऊन मी बाहेर पडलो. सिटी चौकातून सराफ्याच्या अंगाने शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे निघालो. दिवाळीची गर्दी मी म्हणत होती; पणत्या, रांगोळीचे रंग, लाह्या-बत्तासे यांच्या गाड्यांतून वाट काढावी लागे. धार लावणारे आता बहुतेक मोटारीवर चालणारी चाके वापरतात. त्यांच्यापैकी दोघांनी चाकू हातात घेऊन लगेच परत दिला. "याच्यापेक्षा नवा घ्या काका," एकाने प्रेमाने सल्ला दिला. शेवटी एका बोळात एक वृद्ध कारागीर भेटले. समोर कात्र्यांचा ढीग, मांडीशी सहाण. त्यांनी चाकू उघडला, मिटला, कानाशी नेऊन पुन्हा उघडला. डॉक्टर छातीला नळी लावतो तसे ऐकले.

"पाता जिंदा है साब," ते म्हणाले, "कमान थक गई."

"नवी कमान बसेल?"

"क्यों नहीं? मगर मूठ तोडनी पडेगी, कीला निकालना पडेगा. फिर वो आपका चाकू नहीं रहेगा, मेरा हो जाएगा."

मी गप्प झालो. त्यांनी मग दखनी आणि मराठीच्या मिश्रणात मला चार गोष्टी समजावल्या, त्या मी वाचकांपुढे ठेवतो. कारण चाकू निवडताना त्या उपयोगी पडतील. अशा मिटत्या चाकूला कुलूप नसते. कमान पात्याला नुसती दाबून धरते. म्हणून त्याने कापावे. खुपसू नये, उचकटू नये. साध्या पोलादाला धार लवकर लागते पण त्याला रोज पुसावे लागते, आठवड्याला तेलाचे बोट लावावे लागते. न गंजणारे पोलाद आळशी माणसाला बरे, मात्र बोथट झाले की निसण्यावर जास्त घासून घेते. आणि चाकू घेताना त्यात किती हत्यारे आहेत हे मोजण्याआधी आपल्याला रोज काय कापायचे असते ते मोजावे. "कीला कस देता हूँ, सफाई कर देता हूँ. परसों आना," ते म्हणाले. 

दोन दिवस माझा डावा खिसा रिकामा होता. त्या रिकाम्या खिशानिशी मी गाव पाहिले. मकबऱ्यात गेलो. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. मुलगा आजमशहा याने सतराव्या शतकात बांधलेली. घुमट संगमरवराचा, बाकी बरेचसे काम चुन्याच्या गिलाव्याचे. माझ्या पुढे एक कुटुंब चालले होते आणि गृहस्थ बायकोला सांगत होते, "ताजमहालाच्या पासंगालाही पुरत नाही." बिचारा मकबरा! साडेतीनशे वर्षे तो उभा आहे, आणि येणारा प्रत्येक जण खिशात आग्र्याचा ताज घेऊनच आत येतो. तुलनेला बसलेला माणूस समोरचे पाहतच नाही. कारंज्याच्या काठाने चालता चालता माझ्या लक्षात आले की, मीही गेले कित्येक महिने तेच करतो आहे. लाल चाकू हातात घेतला की शिंगाची मूठ आठवते. आणि त्या लाल बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो आप्पांचा नाही.

तिसऱ्या दिवशी वेरूळला गेलो. आप्पा विद्यार्थ्यांना घेऊन दर वर्षी इथे येत. कैलासासमोर मुलांना बसवत आणि स्वतः एकेकाची पेन्सिल घडवून देत फिरत. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले हे देऊळ. कळस आधी आणि पाया शेवटी, असे डोंगर वरून खाली खोदत आणलेले. आप्पा सांगत, "मुलांनो, हे छिन्नीने केलंय असं म्हणतात, पण दगडावर छिन्नी किती वेळ टिकते? संध्याकाळी ती पाजवणारा लोहार इथे कुठेतरी भाता घेऊन बसलेला असणार. त्याचंही चित्र मनात काढा." मी एका सावलीत टेकलो, पिशवीतून पेन्सिल काढली आणि लाल चाकूच्या धाकट्या पात्याने तिला टोक काढू लागलो. शपथेवर सांगतो, टोक झकास निघाले. मला आनंद व्हायला हवा होता. पण खरे सांगायचे तर थोडे वाईट वाटले. जुन्याचा हा शेवटचा किल्लाही पडला होता.

परतताना दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. एक डझन घेतली. सीताफळाला कोणताच चाकू लागत नाही. देवाने निदान एक फळ तरी निष्पक्ष निर्माण केले आहे.

ठरल्या दिवशी शहागंजात गेलो. चाकू फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पितळ सोन्यासारखे लखलखत होते, पाते आता हलत नव्हते. कारागिरांनी ते अर्धे उघडून माझ्यापुढे धरले आणि गालात हसले. "साब, आप बोले थे औरंगाबाद का है. ये देखो." पात्याच्या बुंध्याशी, जिथे वर्षानुवर्षांचे तेल आणि मळ साचून काळी पुटे चढली होती, तिथे आता दोन बारीक ठसे दिसत होते: एक तारा आणि एक क्रूस. "विलायती है. रॉजर्स. बहोत चलता था पहले. नकली ठप्पेवाले भी बहोत थे, मगर ये पाता अच्छा है."

इंग्लंडातल्या शेफील्ड गावच्या जोसेफ रॉजर्स यांचे हे चिन्ह १७६४ सालापासूनचे. म्हणजे माझी शिकलगारांची बखर, मोडक्या तलवारीचे पोलाद, सारे एका क्षणात धुऊन निघाले! आम्ही ज्याला घरचा समजलो तो साहेबाच्या देशातला, आणि ज्याला परका म्हणून नाक मुरडत होतो तोही परदेशचाच. फरक एवढाच की, एक लवकर आला आणि एक उशिरा. मी पैसे दिले. निघताना ते म्हणाले, "अब इसको जेब में मत घुमाओ. बैठ के काम करनेवाले के हाथ में दो. पेन्सिल-वेन्सिल छीलेगा आराम से."

हा विनोद अक्काला कधी सांगतो असे मला झाले होते. ती ओसरीवर करंज्या निवत ठेवत होती. मी मोठ्या आविर्भावात म्हटले, "अक्का, आप्पांचा चाकू औरंगाबादचा नाही! शेफील्डचा निघाला!"

अक्का शांतपणे म्हणाली, "हो. तारा आणि क्रूस आहे त्याच्यावर."

मी चकित झालो. "तुला कसं ठाऊक? ते ठसे मला पन्नास वर्षांत दिसले नाहीत."

"तू पेरू कापत होतास. मी त्याचं चित्र काढलंय."

ती उठली. आतून एक मोठी चित्रांची वही घेऊन आली. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, बंद दोनदा बदललेले. तिने बरोबर पान काढले. त्या पानावर आमचा चाकू होता, अर्धा उघडलेला. शिंगावरच्या रेषा, पितळेवरची चमक, नखाची खाच आणि पात्याच्या बुंध्याशी इवलासा तारा व क्रूस. खाली तारीख होती १९६१ सालची. अक्का तेव्हा सोळा वर्षांची होती.

"पोलीस कारवाई झाली त्या साली, अठ्ठेचाळीसमध्ये, छावणीच्या बाजारात जुन्या सामानात घेतला होता आप्पांनी. म्हणून औरंगाबादचा. त्यांनीच सांगितलं होतं मला. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला त्यांनी तो मला वापरायला दिला. म्हणाले, पास झालीस की चाकू तुझा."

"मग?"

"पास झाले की! पण पुढे लग्न ठरलं. आजी म्हणाली, सासरी जाणाऱ्या मुलीला चाकू कशाला? विळी दिलीय ना रुखवतात." अक्का हसली. "आप्पा काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं, असं त्यांनाही वाटलं असेल. मग तू मुंबईला निघालास."

मला एकदम आठवले. १९७१ च्या जूनमध्ये माझी ट्रंक अक्कानेच भरली होती. त्यासाठी ती मुद्दाम चार दिवस माहेरी आली होती. कपड्यांच्या घड्यांवर सर्वांत शेवटी तिने रुमालात गुंडाळलेला चाकू ठेवला होता आणि म्हटले होते, "रोज पुसत जा. तेल लाव." मी आजवर समजत होतो की, ती मोठ्या बहिणीची काळजी होती. त्या दिवशी ओसरीवर मला कळले की, दुसऱ्याला आपली वस्तू देताना माणूस जे बोलतो, ते ते होते.

करंज्यांवर पंख्याचा वारा लागत होता. मला काही बोलता येईना. गेले वर्षभर मी दोन चाकूंपैकी कोणता ठेवावा या विवंचनेत होतो. आणि त्यांतला एक माझा नव्हताच!

भाऊबीजेच्या दिवशी अक्काने पाट मांडला, भोवती रांगोळी काढली. कपाळाला कुंकू लावले, अक्षता टाकल्या, सुपारीने ओवाळले, निरांजन फिरवले. तबकात मी नेहमीचे पाकीट ठेवले आणि त्याच्याशेजारी रुमालात गुंडाळलेला चाकू. अक्काने रुमालाचे टोक उचलून पाहिले.

"अरे, ओवाळणीत लोखंड घालतात का कुणी?"

"ओवाळणी पाकिटात आहे," मी म्हटले. "हे जुनं देणं आहे. त्रेसष्ट वर्षांचं. व्याज मात्र मागू नकोस."

ती हसेल असे मला वाटले होते. ती हसली नाही. निरांजन खाली ठेवून तिने चाकू हातात घेतला, नख खाचेत घातले आणि पाते पहिल्या खेपेलाच उघडले. मला हल्ली दोनदा ओढावे लागे. तिने पदराने पाते पुसले, उजेडात धरून तारा पाहिला, क्रूस पाहिला, आणि मग नातवाला हाक मारून म्हणाली, "तुझ्या दप्तरातली एक पेन्सिल आण रे. शिसं असलेली, खटक्याची नको." त्या दिवशी जेवण तासभर लांबले. घरातल्या सगळ्या पेन्सिलींना, अगदी हिशेबाच्या वहीला दोरीने बांधलेल्या बोटभर तुकड्यालाही, टोके निघाली. एकेक टोक आप्पांसारखे. लांबसडक, न तुटणारे. भाचेसून स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली आणि काही न बोलता पुन्हा पाने झाकून ठेवती झाली.

परतीच्या गाडीत मुलाचा फोन आला. नेहमीप्रमाणे विचारले, "बाबा, तो लाल चाकू वापरता ना?"

"हो," मी म्हटले. या वेळी ते खरे होते. मग मनमाड येईपर्यंत त्याला गाठ, चष्मा, वेरूळची पेन्सिल असे सगळे सांगितले. शिकलगारांच्या बखरीचे काय झाले, तेही सांगितले. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बाबा, ती गोष्ट मी परवाच माझ्या मुलीला सांगितली." म्हटले, राहू दे. तिला तारा आणि क्रूस कळायला अजून वेळ आहे. मोठी झाली की तिच्या आजीआत्याची वही दाखवू.

आता माझ्या खिशात एकच चाकू असतो. विजारींचे खिसे टिकू लागले आहेत आणि आमच्या सौभाग्यवतीला दुधाच्या पिशवीसाठी त्यातली कात्री फारच आवडली आहे. तरीही बाजारात चांगला पेरू दिसला की माझा हात आधी डाव्या खिशाकडे जातो. तिथे काही नसते. मग मी उजव्या खिशातला लाल चाकू काढतो. आणि औरंगपुऱ्यात या वेळी अक्का काय काढत बसली असेल याचा विचार करीत पेरू कापतो. फोड थोडी जाड निघते, पण चव निखळ पेरूची असते.